बरबटी-ज्वारीची पॅटी, बिनतळणाची : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

वही काढली, कारण कोणत्या खेपेत काय टाकलं ते आत्ताच आठवून नाही राहिलं, पुढे तं आनंदच आहे. भानगड अशी की दिवाळीच्या आधी बाबांना स्टेंट टाकला, डॉक्टरनं तळलेलं बंद सांगितलं, आणि आमच्या घरी चारच्या चहासोबत भजे नाही तं आलूवडे हा नियम मी जन्मलो तेव्हापासूनचा आहे. दोन-अडीच महिने मुरमुरे-फुटाणे खाऊन बाबा वैतागले, परवा म्हणे "सकाय-संध्याकाय चने खाले मी काय घोडा हाओ काय बे?" बाबा माळकरी, म्हणजे अंडं-मटणाचा प्रश्नच नाही, जे करायचं ते धान्य-कडधान्यातूनच.

घरात ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) पडून आहे. २८ लिटरचा, १५०० वॅटचा. बायकोनं नानकटाई करून विकायला घेतला होता, दोन दिवाळ्या चालला, मग त्याच्यावर पापडाचे डबे बसले. बरबटी घरची, दादानं तुरीच्या धुऱ्याला (बांधाला) टाकली होती ती निघाली वीसेक किलो (पुण्याकडे चवळी म्हणतात तीच ही), ज्वारीही घरची, कडब्यासाठी थोडी पेरतो अजून, नाही तं आमच्या शिवारात आता कपाशी आणि सोयाबीनच आहे सगळं, ज्वारी पेरली की पाखरं आणि रानडुक्कर आधी जेवतात.

खेप १. पाव किलो बरबटी रात्रभर भिजवून कुकरच्या ५ शिट्ट्या, सगळी मिक्सरमधून काढली, दोन मुठी बेसन, कांदा, सांबार (म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचा नाही), तिखट, मीठ. हातानं थापून २०० डिग्रीवर अर्धा तास. वरून चामडं, आतून पुरण. बेसन आत कच्चट राहिलं ते टाळूला चिकटून बसते. बाबा "चांगल्या हायेत" म्हणाले आणि चप्पल घालून पारावर निघून गेले. बाबांना नावडलं की ते चांगलंच म्हणतात, आवडलं की खोड काढतात, त्यामुळे निकाल समजला.

५ जानेवारी

खेप २. उलटं केलं, बरबटी अजिबात वाटली नाही, फक्त पळीनं दाबली, बेसन कमी. उलटवायला गेलो तं उसळ झाली. तशीच पोळीसोबत खाल्ली. एवढंच.

८ जानेवारी

दोन दिवस दुकानातून (झेरॉक्सचं दुकान आहे, गिऱ्हाईक नसलं की डोकं रिकामं) विचार केला की माझी गाडी अडते कुठे. मी बाइंडर शोधून राहिलो होतो, बेसन टाकू का मैदा टाकू का ब्रेडचा चुरा, आणि खरा लोचा पाण्याचा वाटते. कढईत काय होते, १७०-१८० च्या तेलात पडल्या पडल्या वरचं पाणी वाफ होऊन उडते आणि मिनिटात टणक कवच येते, आतलं मग कसंही असलं तरी कवचात बसून राह्यते. ओव्हनमध्ये गरम हवा आहे, हवा तेलापेक्षा कितीतरी हळू गरमी देते, तोवर आतलं पाणी बाहेर यायला लागते आणि कवच धरतच नाही. म्हणजे पाणी आधीच काढून टाकलं पाहिजे.

आज मोजून पाहिलं. २५० ग्रॅम कोरडी बरबटी शिजून निथळली तं ५९० भरली. तीच धुतलेल्या जुन्या धोतरावर पसरून पंख्याखाली तासभर ठेवली तं ५३०. साठ ग्रॅम पाणी, म्हणजे अर्धा कप चहाएवढं, मी आजवर पॅटीत कोंबून राहिलो होतो. शिट्ट्याही ५ नाही ३ पुरे, दाणा अख्खा राहून बोटात दबला पाहिजे. शिट्टी जास्त झाली की साल फुटते आणि आत पाणी शिरते.

खेप ३. वरच्यासारखी बरबटी, एक तृतीयांश वाटलेली, बाकी अर्धवट ठेचलेली. बरी. पण उलटवताना अजून कडा सुटते.

आजी ओसरीत बसून हे सगळं पाहत होती. तिला पॅटी शब्द जमत नाही, ती "भाजेल वडा" म्हणते. म्हणे, "कन्या टाक ना त्याच्यात. कायले त्या बेसनाच्या मांगं लागला."

११ जानेवारी

कन्या म्हणजे ज्वारीच्या कण्या. चक्कीवाल्याला सांगितलं जाड भरड काढ, तो म्हणे कोंबड्या पाळल्या का. १२० ग्रॅम कण्या, तिप्पट पाणी, मीठ, मंद आचेवर वीस मिनिटं. गरम गरमच बरबटीत कालवल्या. चूक. सगळं सैल, चिकट, थापताना हाताला येऊन राहिलं, तव्यावरच्या धिरड्यासारखं पसरलं.

आजीला दाखवलं तं हसायलाच लागली. "अरे शिया घे, शिया. ताज्या कन्या कोनालेच नाई धरत."

१२ जानेवारी

खेप ५. रात्रीच्या शिळ्या कण्या. सध्या रात्री थंडी चांगली पडून राहिली, फ्रीजची गरजच नाही, गंज (पातेलं) झाकून ओट्यावर ठेवला होता. सकाळी पाहतो तं कण्यांचा गोळा गंजाच्या आकाराचा उपडा निघाला आणि सुरीनं बर्फीसारख्या वड्या पडल्या. शिजलेलं स्टार्च थंड झालं की आपल्या आपण परत जुळून घट्ट होते, शिळी भाकर कडक होते ती याच्यानंच. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही म्हणून मी तिला बाइंडरच्या यादीतून काढूनच टाकलं होतं, आणि इथे ती नुसती थंड होऊन धरून राहिली.

ही वडी हातानं कुस्करून बरबटीत मिसळली. बारीक गुठळ्या राहू द्यायच्या, दाताखाली येतात. लोणच्याच्या बरणीचं झाकण, त्यात दुधाची पिशवी कापून अंथरली, ७० ग्रॅमचा गोळा दाबला, उलटा केला. १६ नग. ओव्हनमध्ये २५ मिनिटं, उलटवून १२. पहिल्यांदा एकही फुटली नाही!! बाबा म्हणाले, "मीठ कमी हाये, आन् थोडी कोरडी हाये, आन् हे एवढी जाड कायले केली." तीन खोडी. म्हणजे पास.

१४ जानेवारी, संक्रांत

आज ओव्हन बंद. तिळगूळ, वाणवसा, शेजारीपाजारी. पण पंगतीत जवसाची चटणी होती, आणि पाण्याचा हात लागलेल्या ताटात ती चटणी कशी बुळबुळीत होऊन राहिली ते पाहिलं आणि जेवण सोडून वही आणली, बायको म्हणे "आजच्या दिवस तरी राहू द्या तुमचं."

१५ जानेवारी

जवस हलका भाजून मिक्सरला भुकटी. दोन वाट्यांत दोन प्रकार. एकात १ चमचा भुकटी ३ चमचे पाण्यात भिजवून (अंड्याऐवजी असंच वापरतात, केकवाले करतात), दुसऱ्यात तेवढीच भुकटी कोरडीच. भिजवलेल्याची पॅटी धरते, पण परत तेच, आपण पाणी काढायला धोतर खर्ची घातलं आणि वरून पाणी ओतून राहिलो. कोरडी भुकटी टाकून मिश्रण पंधरा मिनिटं झाकून ठेवलं तं ती बरबटीतलंच उरलंसुरलं पाणी ओढून घेते आणि चिकट होते. कोरडीच बरी. १६ नगांना २५ ग्रॅम पुरे. बेसन आजपासून रिटायर.

१७ जानेवारी

आज डोकं फिरलं. तेच माप, तेच झाकण, तोच वेळ, आणि पॅटी पांढरी फटक, वरून उन्हाळ्यातल्या वावरासारख्या भेगा, आतून ओली. दहा मिनिटं वाढवली, अजून दहा, रंगच येईना. पाऊण तासानं सुकली पण भाजली नाही.

१८ जानेवारी

परत तसंच. काल वाटलं मीच चुकलो, आज बायकोनं केलं, तरी तसंच. ओव्हन बिघडला म्हणून कॉइल पाहिल्या, दोन्ही लाल. मग लक्षात आलं की थर्मोस्टॅटचा दिवा विझलाच नाही. एरवी २०० झालं की "टिक" वाजून दिवा जाते, थोड्या वेळानं परत येते. दोन दिवस टिक ऐकूच आली नाही. म्हणजे हा बिचारा २०० ला पोहोचलाच नाही, जीव तोडून चढून राहिला नुसता.

तालुक्याला जायचं होतंच, मोटर वाइंडिंगवाल्याला विचारलं. त्यानं हातातलं काम खाली न ठेवता विचारलं, "तुमच्या डीपीवर सध्या थ्री फेज कधी असते?" आणि मला उत्तर तिथेच मिळालं.

या आठवड्यात थ्री फेज, म्हणजे मोटरी चालवायची लाइन, दिवसा आहे. गहू-हरभऱ्याचं ओलीत चालू, सकाळी लाइन आली की गावातल्या सगळ्या विहिरींवरच्या मोटरी एकदम सुरू, आणि आमच्या घराची डीपी (ट्रान्सफॉर्मर) तीच. त्याचा मीटर घेऊन आलो, घरच्या सॉकेटला लावला तं दुपारी १७५ व्होल्ट. पाहिजे २३०. मला वाटलं चौथा हिस्सा कमी तं गरमीही चौथा हिस्सा कमी, तं तसं नसते म्हणे, कॉइलची गरमी व्होल्टेजच्या वर्गानं उतरते. १७५ भागिले २३० म्हणजे ०.७६, त्याचा वर्ग ०.५८. माझा दीड हजार वॅटचा ओव्हन ८७० वर चालून राहिला होता. निम्म्याला टेकला.

आणि हे आधी कळलं काहून नाही? कारण घरात सगळे एलईडी बल्ब, ते १७५ वर पण तसेच लख्ख जळतात. आधीचे पिवळे बल्ब असते तं बिडीच्या टोकासारखे लाल दिसले असते, कोणीही सांगितलं असतं लाइन डाऊन आहे म्हणून. पंखा हळू झालेला कळते, पण पंखा थंडीत फक्त माझ्या बरबटीवर फिरून राहिला. एक मिक्सर तेवढा गुरगुरत होता, त्याच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

रात्री साडेदहाला मोटरी बंद झाल्यावर मोजलं, २२६. फ्रीजमध्ये ठेवलेल्या उरलेल्या चार लगेच भाजल्या. ३५ मिनिटांत बदामी. रात्री अकराला उभ्या उभ्या खाल्ली एक, बाबा आवाजानं उठले, त्यांनी एक.

यापुढे नियम: आधी मीटर, मग ओव्हन. २१० च्या खाली असलं तं पेटवायचंच नाही. वाइंडिंगवाल्याचा मीटर परत करायचा आहे, लक्षात ठेवणे.

२० जानेवारी

सोयाबीनची खेप. घरात पोते पडले आहेत भाव येईल म्हणून, तं म्हटलं बरबटीऐवजी निम्मं सोयाबीन टाकून पाहू, प्रोटीन पण जास्त. भिजवून मिक्सरला लावलं आणि घरभर कच्च्या गवताचा वास, मुलगी नाक दाबून बाहेर. तो वास दाण्यात नसते, दाणा कच्चा फुटला की त्यातलं एन्झाइम तेलावर काम करते आणि वास तयार होते. म्हणून भिजवलेलं सोयाबीन आधी सरळ उकळत्या पाण्यात टाकायचं, अख्खंच, वीस-पंचवीस मिनिटं, मग वाटायचं. कच्चं पोटाला पण चांगलं नाही, त्यातलं एक द्रव्य प्रोटीन पचूच देत नाही, ते उकळल्यानं मरते. दुसऱ्या वेळेस तसं केलं, वास गेला, पण चव अशी खडूसारखी की बाबा परत "चांगली हाये" म्हणाले. सोयाबीन बाद. पोते विकावेच लागतील.

२३ जानेवारी

सासरहून पार्सल आलं. सासर नागभीडकडलं, चंद्रपूर जिल्ह्यात, धानाचा मुलूख. एचएमटी तांदूळ, आणि एका पिशवीत लाखोळीची डाळ, सासूबाईंचा निरोप की "जावईबापू वडे करून राहिले म्हणे, आमच्याकडे लाखोळीचेच करतात."

लाखोळीचे वडे होतात छान, मी खाल्ले आहेत लग्नात. पण लाखोळी रोज रोज आणि भरपूर खाल्ली तं त्यातल्या एका द्रव्यानं पायातली ताकद जाते, दुष्काळात लोकांनी नुसती लाखोळीच खाल्ली तेव्हा असे लंगडे झालेले आहेत. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की बरंच कमी होते, आणि तिकडे कधीतरी भाजीत-वड्यात खातातच. पण ही बाबांची रोजची वस्तू, त्यात नको. बायकोला हे सांगताना शब्द जपून वापरले. आपण एकदा खाऊ म्हटलं, रविवारी खाऊ.

एचएमटी कण्यांच्या जागी टाकून पाहिला. हा तांदूळ त्यांच्या शेजारच्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी काढलेला, दीडेक एकराचा शेतकरी, शिक्षण तिसरीपर्यंत, धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून वर्षानुवर्षं वेगळ्या पेरत गेला माणूस, आणि नाव पडलं हातातल्या घड्याळावरून. भात म्हणून एक नंबर. पण पॅटीत तो मऊच राहते, कण्यांसारखा दाताला लागत नाही. ज्वारीच कायम.

२६ जानेवारी

काल एकादशी, बाबांचा उपास, म्हणून मसाल्याचे प्रयोग आज. शाळेतून झेंडावंदन करून आलेल्या मुलीचं मत: मॅगीचा मसाला टाका. नोंद घेतली, फेटाळली.

जे जमलं ते: आलं-लसूण, जिरं, वायगावची हळद (आमच्याच तालुक्यातली, अर्धाच चमचा, रंगाला भारी आहे), भिवापुरी मिरचीचं तिखट, मूठभर सांबार देठासकट. कांदा कच्चा टाकत होतो तो पाणी सोडते, आता आधी मीठ लावून दहा मिनिटांनी पिळून टाकतो. पिळलेलं पाणी बायकोनं वरणात टाकलं, फेकू नाही दिलं.

३० जानेवारी

खरी परीक्षा. वावरात फरदडीची (कपाशीच्या शेवटच्या बहाराची) वेचणी चालू आहे, सहा बाया. दुपारच्या जेवणाला बारा पॅटी डब्यात नेल्या, त्यांच्या भाकरी, माझ्या पॅटी. घरचे लोक तोंडदेखलं बोलतात, या नाही बोलत. पहिला घास घेऊन एक जण गप्प, दुसरीनं ठेचा मागितला, तिसरी, सगळ्यात वयस्कर, चावून चावून म्हणाली, "भाऊ, चव हाये. पोटातबी राह्यते. पन घोटाले पानी मांगते." बाकीच्या हसल्या, आणि मग सगळ्यांनीच सांगितलं की हो, घशात अडकते.

बाबा "कोरडी" म्हणाले होते बाराच तारखेला. मी ते बाबांची नेहमीची खोड समजून सोडून दिलं.

३१ जानेवारी

रात्रभर तेच डोक्यात. पाणी वाढवता येत नाही, तुटेल. मग तळलेला वडा कोरडा काहून नाही लागत? त्याच्या आतही पाणी कमीच असते. तेल. कढई दोन कामं करते, कवच देते आणि तेल पण आत सोडते, मी पहिलं काम ओव्हनकडून करून घेतलं आणि दुसरं विसरलोच. भाजायच्या वस्तूत थोडा स्निग्ध पदार्थ आतूनच पाहिजे.

तं फल्लीकूट. भाजलेल्या फल्लीदाण्याचा जाडसर कूट ५० ग्रॅम. दाण्यात साधारण निम्मं तेल, म्हणजे २५ ग्रॅम, जवसाचं दहाएक, वरून पुसायला दोन चमचे, सगळं १६ नगांत वाटलं तं एका पॅटीत तीनएक ग्रॅम तेल येते. डॉक्टरला फोन करून विचारलं, बाबांचं नाव सांगून, दोन चालतील म्हणाले दिवसाला. दोनच, हे बाबांना दोनदा सांगितलं.

शिवाय उलटवल्यानंतरचा वेळ १२ वरून ८ मिनिटं. आणि काढल्यावर लगेच खायची नाही, कपड्याखाली पाच मिनिटं झाकायची, कवचाला थोडी वाफ लागून नरम पडते. आज संध्याकाळी बाबा काहीच बोलले नाहीत, दोन खाल्ल्या आणि तिसरीकडे हात गेला, तो आईनं पकडला.

१ फेब्रुवारी

आत्तापर्यंतचं माप, परत विसरू नये म्हणून एका जागी. बरबटी २५० ग्रॅम (भिजवणे ८ तास, ३ शिट्ट्या, कपड्यावर १ तास), कण्या १२० ग्रॅम, आदल्या रात्री शिजवलेल्या, जवस भुकटी २५, फल्लीकूट ५०, कांदा १ मोठा पिळून, सांबार, मसाला, मीठ सव्वा चमचा. मिश्रण १५ मिनिटं झाकून, ७० ग्रॅमचे गोळे, बरणीचं झाकण. ओव्हन आधीच तापलेला, २०० वर २५ + ८. भाजून एक पॅटी ५८-६० ग्रॅम भरते. एका खेपेला घराच्या मीटरवर १ युनिटच्या आसपास गेलं. डब्यात दोन दिवस बाहेर टिकली, तिसऱ्या दिवशी वास. थंडी गेली की एवढंही टिकणार नाही.

३ फेब्रुवारी

बायकोच्या बचत गटाचं हळदीकुंकू उद्या, रथसप्तमीला, आमच्याच घरी. चिवडा ठरला होता, तिनं परस्पर जाहीर केलं की पॅटी देणार. ४५ बाया. म्हणजे लहान ६० करू, ३५ ग्रॅमच्या, त्याला झाकण शोधता शोधता बाबांच्या बामच्या बाटलीपर्यंत गेलो, शेवटी पावडरच्या डब्याचं बसलं. ट्रेवर २० मावतात, तीन घाणे. आणि थ्री फेज परत दिवसा.

रात्री १० ला २१८ दाखवलं, पेटवला. शेवटचा घाणा १२.२० ला निघाला. आजी जागीच होती, तिला दात तीन, कवचाची बाजू सोडून मधला भाग खाल्ला आणि म्हणाली कन्या अजून थोड्या घाल. घालणार नाही, पण लिहून ठेवतो.

४ फेब्रुवारी

संध्याकाळी नुसत्या गरम करायच्या होत्या, दहा मिनिटांच्या जागी २० लागले, १८२ व्होल्टला तेवढे लागणारच. सोबत आंबाडीची चटणी. ६० पैकी ७ उरल्या, त्यातल्या ४ बाबांच्या उशाशी सापडल्या, स्टीलच्या डबीत.

बरबटीचा डबा तळाला आला आहे, उरलेली दादा बियाण्याला ठेवू म्हणतो. हरभऱ्याला घाटे भरून राहिले, पुढची खेप हिरव्या सोल्याची. त्यात पाणी बरबटीपेक्षा जास्त, म्हणजे धोतर, काटा आणि मीटर परत काढणे. मीटर अजून परत केलेला नाही.